कुलपं उघडायला शिकवणारा सेट: एका शिवणकामवालीचं मत

हा सेट मी मागवला नव्हता. मुलाने मागवला, दोन दिवस खेळला आणि फर्मागुडीला हॉस्टेलवर परत जाताना माझ्या शिवणाच्या टेबलावर टाकून गेला. जून संपत आला होता. शाळेचे युनिफॉर्म देऊन झालेले, चवथीचे ब्लाऊज अजून यायचे, आणि मधल्या दिवसांत डिचोलीत नुसता पाऊस ऐकत बसायचं. अशाच एका दुपारी लाईट गेली, मशीनची मोटार बंद पडली, म्हणून मी ते पाकीट उघडलं. त्याला आता चौदा महिने झाले. इतके दिवस वापरलेल्या वस्तूबद्दल लिहायला हरकत नसावी.

किंमत १,२४९ रुपये. आत रबरी मुठीची बारा हत्यारं, ताण द्यायच्या पाच वाकड्या पट्ट्या, एक पारदर्शक कुलूप, त्याच्या दोन चाव्या आणि एक चोपडी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच माल दुसऱ्या चार नावांनी विकायला आहे; डबा तेवढा वेगळा. चोपडीबद्दल एवढंच की तिच्यात 'आता कुलूप आनंदाने उघडेल' या अर्थाचं एक वाक्य आहे. बाकीची पानं त्याहून बरी नाहीत.

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "आता चोऱ्यो करतली काय गो?"

तर आधी त्या पारदर्शक कुलपाबद्दल, कारण सेट विकला जातो तो त्याच्या जोरावर. ते हातात घेतलं की सगळं दिसतं. मधला फिरणारा गाभा, त्यावर ओळीने पाच भोकं, प्रत्येक भोकात दोन दोन पिना एकीवर एक, आणि वर स्प्रिंग. वरची पिन अर्धी गाभ्यात उतरलेली असते, म्हणून गाभा फिरत नाही. चावीचे दाते प्रत्येक जोडीला नेमकं एवढं उचलतात की दोन पिनांमधली सांध गाभ्याच्या कडेशी येते. पाचही सांधी एका रेषेत आल्या की गाभा फिरला. लायनस येल नावाच्या अमेरिकन माणसाने १८६१ मध्ये या लहान चपट्या चावीच्या कुलपाचं पेटंट घेतलं. पिनांची कल्पना त्याच्याही आधीची, इजिप्तच्या लाकडी कुलपांइतकी जुनी.

चावी नसताना हे उघडतं कसं, ते मला चोपडीतून नाही, ब्लाऊजच्या हुकांवरून कळलं. मी पाच हुक फूटपट्टी लावून एका रेषेत शिवते. टेबलावर ते सरळच दिसतात. पण बाईने ब्लाऊज घातला की सगळा ताण एकाच कुठल्यातरी हुकावर जातो, कारण तो केसाएवढा आत असतो. तो काढला की ताण दुसऱ्यावर. कुलपाचंही तसंच. कारखान्यात पाच भोकं कितीही सरळ पाडली तरी केसाएवढा फरक राहतोच. गाभ्याला पट्टीने हलकासा पीळ दिला की पाचांपैकी एकच पिन अडकते. ती शोधायची, वाकड्या टोकाने उचलायची, ती टिक् करून बसते, आणि मग ताण पुढच्या पिनेवर जातो. पुढची म्हणजे शेजारचीच असं नाही. माझ्या एका कुलपाचा क्रम तीन, एक, पाच, चार, दोन असा आहे.

पारदर्शक कुलपावर मला हे चाळीस मिनिटांत जमलं. संध्याकाळपर्यंत मी ते दहा वेळा उघडलं, सासूबाईंना दाखवलं, त्यांनी नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी पिठाच्या डब्याचं जुनं, साधं, दीडशे रुपयांचं कुलूप घेतलं आणि चार दिवस त्याच्यापुढे हात टेकले.

माझी पहिली तक्रार हीच. ते पारदर्शक कुलूप शिकवत नाही, फसवतं. पिना दिसतात म्हणून आपण डोळ्यांनी काम करतो, आणि खऱ्या कुलपात डोळ्यांना काही काम नसतं. शिवाय त्याचा गाभा इतका ढिला बसवलेला आहे की पिन अर्धवट उचलली तरी चालून जातं. नवी मुलगी शिवण शिकायला आली की मी तिला आधी जाड खादीवर टाके घालायला देते, शिफॉनवर नाही. या सेटवाल्यांनी खादीही दिलेली नाही, नुसतं कागदावर सुई टोचायला दिलं आहे. पहिल्या दिवशी आतलं समजून घ्यायला ते बरं. दुसऱ्या दिवशी मुलांच्या खेळण्यांत टाकावं.

बारा हत्यारांपैकी मी तीन वापरते. एक आखूड हुक, एक जरा उंच हुक, आणि कधी कंटाळा आला तर नागमोडी टोकाचा रेक. रेक म्हणजे फणीसारखा आतबाहेर फिरवायचा, नशीब असेल तर पिना आपोआप बसतात. स्वस्त कुलपं त्याने पटकन उघडतात आणि सुरुवातीला फार भारी वाटतं. पण रेकने उघडलेल्या कुलपाबद्दल आपल्याला काहीच कळलेलं नसतं, त्यामुळे मला ते लॉटरीच्या तिकिटासारखं वाटतं. उरलेली नऊ हत्यारं डबा भरण्यासाठी आहेत. एका टोकाला तर अर्धा चेंडू आहे. तो कुठे घालायचा ते मी अजून शोधते आहे.

धातूही यथातथाच. भावाच्या व्हर्नियरवर मोजलं तर जाडी ०.८ मिलिमीटर भरली. अरुंद फटीच्या कुलपात एवढी जाड पाती आत शिरते, पण मग वर उचलायला जागा राहत नाही. ०.६ हवी, आणि काही कुलपांना त्याहून पातळ. कडा तशाच कापून सोडल्या आहेत, आतल्या पिनांवर खरखरतात. ती खरखर बोटांना येते आणि नेमकी हवी ती 'टिक्' तिच्यात हरवते. मी चारशे, सहाशे, हजार अशा नंबरांचे पॉलिश पेपर ओले करून ती तीन हत्यारं घासली, अर्धा दिवस गेला, आणि खरंच फरक पडला. पण विकत घेतलेली सुई कोणी घासून वापरतं का?

आणि गंज. श्रावण लागेपर्यंत रबरी मुठीजवळ तांबूस डाग आले. गोव्यातल्या पावसात काय टिकतं म्हणा, माझ्या कात्रीलाही मी दर आठवड्याला तेल लावते. पण जाहिरातीत 'स्टेनलेस' लिहिलं होतं.

पट्ट्यांची गोष्ट वेगळी, आणि या सगळ्या छंदात पट्टीच खरी. नवा माणूस सगळं लक्ष उजव्या हातातल्या हुकावर ठेवतो. डावा हात पट्टीवर नुसता दाबून धरलेला. जोर जास्त झाला की सगळ्याच पिना करकचून अडकतात, काहीच हलत नाही, आणि माणूस अजून जोर लावतो. शिलाई मशीनवर दोऱ्याचं टेन्शन जास्त झालं तर कापड गोळा होतं, कमी झालं तर खाली दोऱ्याचे फास लोंबतात. आणि शिकाऊ मुलगी दोष देते सुईला. तीस वर्षं तो छोटा स्क्रू पाव पाव फेरा फिरवत आले, म्हणून डाव्या हाताचं प्रकरण मला मुलापेक्षा लवकर कळलं. तो दोन दिवसांत कंटाळला, तो यामुळेच.

सेटमधल्या पाचही पट्ट्या जाड, आणि त्या चावीच्या फटीत खालून घालायच्या. त्यांनीच निम्मी फट अडते. मला पाहिजे होती वरच्या बाजूने, फटीच्या तोंडाशी बसणारी चपटी पट्टी. नवरा पूर्वी खाणीवर होता, २०१२ ला खाणी बंद पडल्यापासून टॅक्सी चालवतो. त्याने गाडीचे वायपर बदलले तेव्हा जुन्या रबरात दोन लांब स्टीलच्या चपट्या पट्ट्या निघाल्या. पक्कडीने तोडून दोन्ही टोकं काटकोनात वाकवली, कानशीने घासली. फुकटातलं हे हत्यार सेटमधल्या पाचांपेक्षा सरस आहे, आणि गंजतही नाही. आता आमच्या स्टँडवरचे सगळे टॅक्सीवाले जुने वायपर मला आणून देतात. कशाला ते त्यांनी विचारलेलं नाही. नवऱ्याने काय सांगितलं असेल देव जाणे.

पिठाच्या डब्याचं कुलूप उघडल्यावर माझी भूक वाढली. शुक्रवारी अस्नोड्यावरून म्हापशाची बस पकडायची, बाजारात अस्तर आणि लेस घ्यायची, आणि मग कडेला जुनं लोखंड मांडून बसलेल्या माणसाकडे जायचं. त्याच्याकडे चावीशिवायची कुलपं वीस वीस रुपयांना मिळतात. पहिल्यांदा तो म्हणाला, "चावी ना हां, मागीर परत हाडूं नाका." मी म्हटलं, चावी नाही म्हणूनच घेते. आता तो माझ्यासाठी वेगळी पिशवी ठेवतो. (चावी हा शब्दही आपल्याकडे पोर्तुगीजांच्या 'शाव्ह'वरून आला म्हणतात, आणि कुलूप आलं अरबीतून. म्हणजे दार तेवढं आपलं.)

गंजलेली कुलपं मी रात्रभर मशीनच्या तेलात ठेवते. सकाळी काळं पाणी गळतं आणि निम्मी कुलपं हलायला लागतात. उरलेली निम्मी खरोखरच मेलेली असतात, त्यांचे स्प्रिंग खाल्लेले असतात.

त्या पिशवीतूनच मला पहिलं अवघड कुलूप मिळालं. दिसायला पितळी, साधं, पाच पिनांचं. चार पिना टिक्टिक् बसल्या, पाचवी बसली, गाभा थोडासा फिरला आणि थांबला. मला वाटलं उघडलं. काही नाही. परत सगळं सोडून सुरुवात. परत तेच. असं मी आठ दिवस केलं. मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आई, ती स्पूल पिन." मी म्हटलं, स्पूल म्हणजे? तर रीळ! दोऱ्याचं रीळ! माझ्या डोळ्यांसमोर तीस वर्षं जे फिरतं आहे तेच. वरची पिन सरळ नळीसारखी न करता रिळासारखी, मध्ये कंबर काढलेली करतात. आपण उचलतो तेव्हा गाभ्याची कड त्या कंबरेत शिरते, गाभा थोडा फिरतो, आणि आपल्याला वाटतं जिंकलो. ते कुलपाने सांगितलेलं खोटं असतं. त्यातून सुटायचं तर पट्टीवरचा ताण सैल सोडत पिन वर ढकलायची, आणि मग गाभा उलटा, मागे फिरताना बोटाला जाणवतो. मागे जाऊ द्यायचं. तिथेच सगळे चुकतात, कारण मिळवलेलं हातचं जाईल म्हणून भीती वाटते. आणि खरंच, जरा जास्त सैल सोडलं की बसलेल्या चारही पिना खाली पडतात.

त्या दिवशी रात्री अकरा वाजता ते उघडलं. मी एकटीच जागी होते. कडी सुटली त्याचा आवाज एवढा मोठा वाटला की सासूबाई उठतील म्हणून मी कुलूप पदरात धरलं.

या रीळवाल्या पिनांबद्दल चोपडीत एक अक्षर नाही, आणि सेटमध्ये तसं एकही कुलूप नाही. जगभरच्या छंदवाल्यांनी कराटेसारखे पट्टे लावले आहेत, पांढरा, पिवळा, भगवा, हिरवा असे काळ्यापर्यंत, आणि कोणत्या रंगाला कोणती कुलपं ते ठरलेलं आहे. १,२४९ रुपयांत हा सेट माणसाला पांढऱ्यापाशी सोडून निघून जातो.

यापेक्षा मोठी तक्रार आमच्याकडच्या गिऱ्हाईकांसाठी आहे. जाहिरातीत 'सर्व प्रकारची कुलपं' असं लिहिलेलं आहे. ते खोटं. आपल्या घरोघरी, निदान जुन्या घरांत, अर्धीअधिक कुलपं लिव्हरची असतात. गोदरेजचं नवताल घ्या. त्यात पिना नसतातच. आत पातळ पितळी पट्ट्यांची चळत असते, सहा, सात, आठ, जसं कुलूप तसं. चावीचा प्रत्येक दाता एकेका पट्टीला ठरावीक उंचीवर नेतो. कमी उचललं तरी अडतं आणि जास्त उचललं तरी अडतं; रॉबर्ट बॅरन नावाच्या इंग्रजाने १७७८ मध्ये शोधलेली ही युक्ती आहे. आमच्या सेटमधलं एकही हत्यार त्यात नीट वळतसुद्धा नाही. त्याला वेगळंच लागतं: एक जाड वाकडी तार कडीच्या खिळीवर ताण ठेवायला, आणि तिच्याच बाजूने आत जाणारी दुसरी, पट्ट्या एकेक करून चाचपायला. मी सायकलच्या स्पोकची आणि मोडक्या छत्रीच्या काडीची केली. पावसाळ्यात छत्रीच्या काड्यांना तोटा नाही. अलीगढचं एक जुनं चार लिव्हरचं कुलूप त्याने दीड महिन्यात उघडलं. नवताल उघडलेलं नाही. म्हापशाहून आणलेलं सहा लिव्हरचं नवताल माझ्या बॉबिनच्या डब्याशेजारी जानेवारीपासून पडून आहे. पट्ट्यांना खोट्या खाचा पाडलेल्या असाव्यात, कारण तेही रीळवाल्यासारखंच खोटं बोलतं. गोदरेज १८९७ पासून कुलपं करतात. माझे तर चौदाच महिने झाले आहेत.

भाचा बोटीवर असतो. त्याने अमेरिकेहून मला लाल रंगाचं एक कुलूप आणलं, अमेरिकन लॉक ११००. अंग ॲल्युमिनियमचं, वजनाला हलकं, कारखान्यात यंत्र दुरुस्त करताना कोणी चुकून चालू करू नये म्हणून मेन स्विचला घालतात ते. चाव्या मी त्याच्याकडूनच पाकिटात बंद करून घेतल्या आणि देवघरात ठेवल्या. पाचच पिना, पण त्यांना स्क्रूच्या आट्यांसारख्या खाचा, आणि जोडीला रिळं. प्रत्येक खाच टिक् करते. कुठली टिक् खरी आणि कुठली खोटी हे कळायला मला तीन आठवडे लागले. नवरा रोज जेवताना विचारायचा, "एका कुलपाला तीन आठवडे?"

मी त्याला हॉब्जची गोष्ट सांगितली. लंडनच्या पिकाडिलीत ब्रामा नावाच्या कारागिराने १७९० मध्ये दुकानाच्या काचेत एक कुलूप लावलं आणि पाटी ठेवली, की उघडणाऱ्याला दोनशे गिनी मिळतील. साठ वर्षं ते कोणालाच उघडलं नाही. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाला आल्फ्रेड हॉब्ज हा अमेरिकन कुलूपवाला आला आणि त्याने ते उघडलं. सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास. चब कंपनीचं प्रसिद्ध कुलूप तर त्याने पंचवीस मिनिटांत उघडून दाखवलं होतं. नवरा ऐकून म्हणाला, "त्याला दोनशे गिनी मिळाले. तुला काय मिळणार?" मी म्हटलं, तुला आज भाजीत मीठ मिळालं आहे, ते पुरे.

दोन गोष्टी या सेटच्या डब्यावर मोठ्या अक्षरात छापायला हव्या होत्या, त्या नाहीत. जे कुलूप आपलं नाही त्याला हात लावायचा नाही. आणि जे वापरात आहे, मग ते आपलं का असेना, त्यालाही नाही. बिघडलं तर आपणच दाराबाहेर. आमच्या वाड्यावर एक घर सतरा वर्षं बंद आहे, मालक लिस्बनला. मार्चमध्ये त्या घराकडे लक्ष ठेवणारा माणूस माझ्याकडे आला. आत पाणी गळतं आहे, चावी हरवली, वहिनी तुम्ही उघडून द्या. भलं मोठं, हातभर चावीचं लोखंडी कुलूप. खोटं कशाला सांगू, हात शिवशिवले. रस्त्याने जाताना मी ते किती वेळा पाहिलं आहे. पण नाही म्हटलं. मालकाला फोन लावून दे, त्याच्याकडून ऐकते, मग बघू. तो परत आला नाही. नंतर कळलं, त्यांनी बिजागरीच उचकटली. कुलूप अजून कडीला लटकतं आहे, दार तेवढं बाजूला टेकवलेलं.

आता घ्यायचा की नाही. ज्याला आतलं यंत्र एकदा डोळ्यांनी पाहायचं आहे त्याने घ्यावा, पण पाचशेच्या वर देऊ नये. ज्याला खरंच शिकायचं आहे त्याने दोन चांगले ०.६ मिलिमीटरचे हुक सुटे मागवावेत, वायपरच्या पट्ट्या गोळा कराव्यात आणि उरलेल्या पैशांची म्हापशाहून वीस वीसची कुलपं आणावीत. रबरी मूठ बघून भुलू नये. बोटांना येणारी थरथर तीच खाऊन टाकते. मी तिन्ही हत्यारांच्या मुठी ब्लेडने कापून काढल्या आणि वर ब्लाऊजच्या उरलेल्या कॅनव्हासची एक पट्टी गुंडाळली.

पहिल्या महिन्यात मी चार तारे दिले होते. गंज आल्यावर तीन केले. 'सर्व प्रकारची कुलपं' हे वाक्य परत वाचल्यावर दोन. त्या दोनांतला एक त्या आखूड हुकाला आहे, तो माझ्या हातात खरंच बसला आहे. चवथ बारा दिवसांवर आली, टेबलावर सव्वीस ब्लाऊज आहेत, आणि नवताल मी सासूबाईंकडे ठेवायला दिलं आहे, नाहीतर एकही ब्लाऊज वेळेवर जायचा नाही. त्यांनी ते कपाटात ठेवून कपाटाला कुलूप घातलं.